फरशीपलीकडची शाळा

साल १९२९. तुम्ही दहा वर्षांचे आहात, चाळीसगावच्या महारवाड्यात राहता. शाळेत इतर पोरांपासून लांब, घरून नेलेल्या गोणपाटावर बसता. तहान लागली तर कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबता.

ऑक्टोबर महिना आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली आहे. तिचे एक सदस्य धुळ्याच्या लाईनवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून आज तुमच्या वस्तीत मुक्कामाला येणार आहेत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मंडळी त्यांना स्टेशनवर हार घालून जवळच्या वाटेनं परतलीसुद्धा. टांगा मागून येतोय.

तुम्ही नदीकाठी उभे आहात. नदीवरच्या फरशीच्या पुलाला कठडा नाही, नुसते थोड्या थोड्या अंतरावर रोवलेले दगड. रस्ता सोडून फरशीवर यायला काटकोनात वळावं लागतं. टांगा वळतो, घोडा एकदम उधळतो, चाक पहिल्याच दगडावर आदळतं. घोडा आणि टांगा खाली नदीत जातात. बाबासाहेब फरशीवर फेकले जातात आणि बेशुद्ध पडतात. बायामाणसांच्या आकांतातच त्यांना उचलून वस्तीत आणतात. पायाचं हाड मोडलेलं असतं.

कारण नंतर कळतं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्यानं नेऊ द्यायचा, हाकणारा तुमचा तुम्ही आणायचा, अशी तडजोड झाली. एवढ्या मोठ्या माणसाला पायी चालवत न्यायचं आपल्या लोकांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी ती मान्य केली आणि लगाम सवय नसलेल्या हातात गेला. लंडन आणि न्यूयॉर्कच्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाला चाळीसगावात टांगा मिळाला नाही. शिकून तरी काय मिळतं, असं वस्तीतल्या कुणालाही वाटू शकलं असतं. पण समितीचा अहवाल १९३० मध्ये आला आणि त्यात अस्पृश्य मुलांसाठी आणखी शिष्यवृत्त्या आणि आणखी वसतिगृहं मागितलेली होती. म्हणून चाळीसगावची ती फरशी मला शाळेच्याच इतिहासातली जागा वाटते.

आता साल बदला, मूलही बदला. १९५५. तुम्ही चौदा वर्षांचे आहात, मांडीवर पत्र्याची पेटी आहे आणि बस औट्रम घाट चढते आहे. मागं मुंबई राज्य राहिलं, वर हैदराबाद राज्य. पोहोचायचंय औरंगाबादला, नागसेनवनात. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. यंदा मिलिंद हायस्कूलही उघडलं आहे.

नावं नीट ऐका. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. मुलांच्या वसतिगृहाचं नाव अजिंठा. त्या अजिंठ्यात, सोळाव्या लेण्यात, बाल सिद्धार्थ इतर मुलांबरोबर गुरूपुढे शिकताना रंगवला आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या अखेरीस ते लेणं कोरवलं. तुम्ही अजून बौद्ध झालेले नाहीत, तुमची शाळा मात्र आधीच झाली आहे. तरी तिचं दार सगळ्या जातींच्या मुलांना उघडं आहे. बाकावर कुणीही तुमच्यापासून सरकून बसत नाही, आणि पहिले काही दिवस तुम्हालाच ते चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मला या शाळेचं सर्वात मोठं काम तेच वाटतं, निकालाच्या टक्क्यांहूनही मोठं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धर्माची दीक्षा होते. ६ डिसेंबरला बाबासाहेब जातात. दोन महिनेसुद्धा झालेले नसतात.

मग अर्ज भरायची वेळ येते. धर्माच्या रकान्यात तुम्ही ‘बौद्ध’ लिहिता, आणि अनुसूचित जातींच्या यादीत तुमची जागा उरत नाही. कायदा ती जागा तेव्हा फक्त हिंदू आणि शीख यांनाच देतो. खोटं लिहिलं तर सवलत, खरं लिहिलं तर नाही. तुम्ही खरं लिहिता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य होतं आणि राज्यापुरत्या सवलती परत मिळतात. केंद्राचा कायदा बदलायला १९९० उजाडतं. तोवर तुम्ही एकोणपन्नास वर्षांचे झालेले असता, केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करायचं वय उलटून गेलेलं असतं. तो अर्ज तुमचा मुलगा भरतो.