शिंगाचा मान, काट्याचा न्याय

संस्कृतातल्या ‘शृंग’चे प्राकृतात ‘सिंग’ झाले आणि मराठीत ‘शिंग’. ‘कंटक’चा ‘कंटअ’ झाला आणि पुढे ‘काटा’. दोन्ही टोकदार, दोन्ही टोचणारे. पण जुन्या कथांनी त्यांना एका पंक्तीला कधी बसवले नाही.

शृंग म्हणजे डोंगराचे शिखरही. शतपथ ब्राह्मणातला मनू महापुरात आपली नाव बांधतो ती माशाच्या शिंगाला. विष्णूचे धनुष्य शिंगाचे, म्हणून ते शार्ङ्ग आणि तो शार्ङ्गधर. हरिणीच्या पोटी जन्मलेल्या ऋष्यशृंगाच्या डोक्यावर शिंग होते. त्याचे पाय लागताच कोरड्या पडलेल्या अंगदेशात पाऊस कोसळला. तारणे, राखणे, पिकवणे अशी सगळी थोर कामे शिंगाकडे.

कंटकाच्या वाट्याला मात्र वैर आले. रामायणात रावण ‘लोककंटक’ ठरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण म्हणजे ‘कंटकशोधन’: प्रजेला टोचणारी माणसे हुडकून त्यांना शासन करणे. त्यात चोर आहेत, तसेच खोट्या मापाने माल विकणारे व्यापारीही आहेत.

ही उतरंड किती पक्की होती ते शिंगाड्यात दिसते. तळ्यातून काढलेला ताजा शिंगाडा मुठीत धरा. त्याची दोन अणकुचीदार टोके तळहातात रुततात. टोचणे काट्याचे, पण संस्कृतने नाव दिले ‘शृंगाटक’, तोच आपला शिंगाडा. मान शिंगालाच मिळाला.

बोलत्या मराठीने मात्र ही उतरंड उलटी केली. माणसाला शिंगे फुटली म्हणजे त्याला माज चढला. वय विसरून पोरांत मिसळणारा शिंगे मोडून वासरांत शिरतो. आणि काटा? तो तराजूवर जाऊन बसला. सोनाराच्या जुन्या तराजूत दांडीच्या मधोमध एक बारीक काटा उभा असतो. दोन्ही पारडी समतोल झाली की तो सरळ राहतो, गुंजभर फरक पडला तरी कलतो. त्यावरूनच ‘काटेतोल’ हा शब्द आला. टोचणाऱ्या वस्तूची बारीक अणी लोकांनी खरेपणाच्या कामाला लावली. शब्दाचे असे भाग्य क्वचितच उजळते.

ऊसपट्ट्यात हा शब्द आजही राबतो. कारखान्यावर गाडी आली की आधी तिचा काटा होतो, म्हणजे वजन होते. वजनात लबाडी झाली तर शेतकरी तिला ‘काटामारी’ म्हणतो. वर्षभराच्या घामाचे मोल त्या एका आकड्यावर ठरते, म्हणून या शब्दात एवढा संताप आहे. काटा चोख असावा म्हणून तो भांडतो तेव्हा कौटिल्याच्या कंटकशोधनाचीच मागणी करत असतो. फरक एवढाच, की कौटिल्याने कंटक म्हटले ते लबाडाला आणि मराठी शेतकऱ्याने काटा म्हटले ते लबाडी पकडणाऱ्याला.