चालणाऱ्यांचा हिशेब

आषाढीआधी आमच्या करकंबमधून पैठणच्या नाथांची पालखी जाते. चालणं आम्हाला नवं नाही. पण स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी चालून पैसे जमवायची रीत अमेरिकेतली. १९८३ साली डॅलसमध्ये त्यासाठी ८०० जण धावले-चालले आणि ती रीत जगभर गेली.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र संशोधनच चालत दारात आलं. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. दवाखान्यापर्यंत न पोचणारे रुग्णही मोजले जावेत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८पासून गरीब वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. निष्कर्ष २०२१ साली आले: तपासणी झालेल्या वस्त्यांत पन्नाशीपुढच्या बायकांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. महागडं मशीन न वापरता.

म्हणून गुलाबी टी-शर्टवाल्या वॉकचं आमंत्रण फोनवर आलं की मी जरूर जा म्हणतो, पण एक विचारून घ्या: जमलेल्या पैशातून दारोदार चालणाऱ्या किती बायांचा पगार निघणार आहे?