पंखांना लगाम

आचोळ्याहून फार दूर नसलेल्या वसईच्या किल्ल्याने पोर्तुगीज सत्तेचा अस्त १७३९ च्या मे महिन्यातच पाहिला. चिमाजीअप्पांच्या सैन्याला सुरुंगांनी तट पाडावे लागले, हजारो मराठे कामास आले. तथापि शरण आलेल्या शत्रूला कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ देण्यात आले. जिंकणाऱ्याने आपला हात कोठे आवरावा, हा प्रश्न विमानांच्या युगाहून असा पुष्कळ जुना आहे.

त्यानंतर २२२ वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, तोच प्रश्न गोव्याच्या आकाशात उभा राहिला. हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांजकडे होती आणि प्रत्येक विमानास त्याचे काम नेमून दिलेले होते. पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी बाँब टाकून दाभोळीची धावपट्टी निकामी करावयाची. हंटर विमानांनी अग्निबाण सोडून बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडावयाचे. परंतु आज्ञेस एक अट जोडलेली होती : विमानतळाच्या इमारतीस धक्का लागता कामा नये.

अट पाळली गेली, आणि तिची किंमतही द्यावी लागली. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी घाईने डागडुजी करून दोन प्रवासी विमाने कराचीस पळविली. केवळ रणनीती पाहणाऱ्यास ही ढिलाई वाटेल. परंतु ती इमारत उद्याच्या गोव्याची होती. १९ डिसेंबरला गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आले. पुढे १९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात गेला आणि प्रवासी वाहतुकीसही उपयोगी पडला.

असा संयम केवळ सेनापतीच्या स्वभावावर सोडून चालत नाही. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दल स्थापन झाले, तेव्हा त्याचे धनी लंडनला जबाबदार होते. येथील प्रजेला जाब विचारण्याचा अधिकार नव्हता. स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था पालटली. घटनेच्या ५३ व्या कलमान्वये सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने बांधलेला आहे. मंत्रिमंडळ लोकसभेस उत्तरदायी आहे, आणि विमानांवरील खर्चास संसदेची मंजुरी लागते.

वैमानिकाच्या हाती कळ असते. ती केव्हा आणि कोठवर दाबावी, हे ठरविणाऱ्यांना निवडण्याचा अधिकार नागरिकांचा आहे. तो अधिकार जागा राहिला, तरच पंखांना लगाम राहतो.