अडलेला घोडा आणि पागेतला नालबंद

1769च्या कनकापूर तहाआधी पेशवा माधवराव आणि नागपूरकर जानोजी भोसले यांची घोडदळे वऱ्हाडात आमनेसामने होती. आजचा वाशिम जिल्हा त्याच मुलखातला.

असल्या धावपळीच्या लढाईत खोगीर चढवताच अंग चोरणारा घोडा म्हणजे स्वाराच्या जिवाला घोर. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे; शिलेदाराचा मात्र स्वतःचा, म्हणजे त्याची सारी पुंजीच.

अशा घोड्याचे दुखणे बहुधा तंगाखाली, खोगिराने सोललेल्या पाठीत किंवा खुरात दडलेले असते. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद, म्हणजे नाल ठोकणारा, नेमलेला असे, ही व्यवस्था फार शहाणपणाची.

घोडा अडला तर चाबूक बाजूला ठेवा. आधी खोगीर उतरवून पाठ चाचपा, मग खूर उचलून पाहा.