महाराष्ट्र राज्य सरकारी कर्मचारी संप (१९७७-७८)

महाराष्ट्र राज्य सरकारी कर्मचारी संप हा केंद्र सरकारच्या दराने महागाई भत्ता मिळावा या प्रमुख मागणीसाठी झालेला राज्यव्यापी संप होता. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला हा संप ५४ दिवस चालला व फेब्रुवारी १९७८ मध्ये मागे घेण्यात आला. कर्मचारी संघटनांचे नेते र. ग. कर्णिक यांनी त्याचे नेतृत्व केले. त्या वेळी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते.

== पार्श्वभूमी ==
महागाई भत्ता हा वाढत्या किमतींमुळे वेतनाच्या क्रयशक्तीत होणारी घट भरून काढण्यासाठी दिला जातो. नांदेड किंवा लातूर येथील तहसील कार्यालयातील लिपिक आणि त्याच गावातील टपाल वा रेल्वे कर्मचारी यांना बाजारभाव सारखेच होते. मात्र केंद्राच्या सेवेतील कर्मचाऱ्यांना भत्ता केंद्राच्या दराने मिळे, तर लिपिकाचा भत्ता राज्य सरकारच्या निर्णयावर अवलंबून असे. ही तफावत दूर करणे हा मागणीचा गाभा होता.

== परिणाम ==
संप मिटल्यानंतरही मागणी कायम राहिली. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार सत्तेवर आले. या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्ता देण्याचे तत्त्व स्वीकारले.