आटत्या पाण्याचं कूळ

संगणकात रचलेल्या पेल्यात पाणी ओतलं, पेला काठोकाठ भरला आणि पाच-सात सेकंदांच्या दृश्यातच पातळी खाली उतरली, तर ॲनिमेशनचं काम करणारे म्हणतात, ‘व्हॉल्यूम लॉस’ होतोय. पेल्याला भोक नाही, वाफेचा हिशेब कुणी घातलेला नाही, तरी घनफळ घटलेलं. मग सॉफ्टवेअरला दोष देत एकामागून एक आकडे बदलणं सुरू होतं. पण हा दोष कुठल्याही एका सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचं कूळ ठाऊक असेल, तर तो लवकर सापडतो.

अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली ‘मार्कर अँड सेल’ ही पद्धत मांडली. जागेचे चौकोनी खण पाडायचे. दाब खणाच्या मध्यावर नोंदवायचा, वेग खणाच्या बाजूंवर. पाणी कुठवर आहे हे कळावं म्हणून वजन नसलेले खुणेचे कण सोडायचे. दर पावलाला, म्हणजे काळाच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, दाब असा काढायचा, की प्रत्येक खणात जेवढं पाणी शिरेल तेवढंच बाहेर पडेल. पाणी दाबून जवळपास लहान होत नाही, हा त्याचा गुणधर्म त्यांनी या अटीत बसवला, आणि मांडणी इतकी पक्की ठरली की आजचे सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारे प्रोग्रॅमही, बहुतेक तिच्यावरच उभे आहेत.

आटण्याचं बीज मात्र याच अटीत आहे. अट आहे ती वेगावर, घनफळावर नाही. दुकानदार रोजची आवक-जावक जुळवतो, पण आरंभीची शिल्लक त्याने कुठे लिहिलेलीच नाही, तशी ही स्थिती. एका पावलात अट किंचित चुकली, तर पुढच्या पावलाला त्या चुकीची आठवण नसते. दाबाची समीकरणं कधीच शंभर टक्के सुटत नाहीत. ठरावीक अचूकता आली की सॉल्व्हर थांबतो. उरलेला बारीक फरक दर पावलाला साचत जातो.

१९८१ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून हर्ट आणि निकोल्स यांची ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ पद्धत आली. प्रत्येक खणाचा किती हिस्सा भरलेला आहे, हा शून्य ते एकमधला आकडा तिने जपला. घनफळ राखलं गेलं. पण पृष्ठभाग नेमका कुठून जातो हे त्या आकड्यांवरून पुन्हा रचावं लागे. १९८८ साली स्टॅनली ओशर आणि जेम्स सेथियन यांनी ‘लेव्हल सेट’ दिला. खणांच्या जाळीच्या प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागापासूनचं अंतर लिहायचं, आत ऋण, बाहेर धन. यातून पृष्ठभाग फार देखणा मिळतो, म्हणून चित्रपटांना तो भावला. पाणी गमावण्यात मात्र या पद्धतीचा हात कुणी धरणार नाही.

कसं, ते एका छोट्या गणितातून दिसतं. खणाची रुंदी १ धरा, आणि अर्ध्या खणाएवढी जाड पाण्याची चादर एका बिंदूवर मधोमध ठेवा. त्या बिंदूवर अंतर उणे ०.२५, शेजारच्या बिंदूंवर अधिक ०.७५. आता चादर अर्धा खण पुढे सरकवा. ती दोन बिंदूंच्या मध्ये येते आणि दोन्हीकडची सरासरी होते अधिक ०.२५. कुठेही ऋण आकडा नाही, म्हणजे जाळीच्या लेखी तिथे पाणीच नाही. गंमत अशी, की खरं अंतर मोजलं तरी तेच आकडे येतात. एकही नोंद खोटी नाही आणि चादर नाहीशी झाली. जाळीच्या खणाहून पातळ जे काही आहे, लाटेचं टोक, उडालेला फवारा, काठावरून ओघळणारी धार, त्या सगळ्याच्या वाट्याला हेच येतं.

ॲनिमेशनमध्ये हा प्रवाह १९९६ मध्ये निक फॉस्टर आणि दिमित्री मेटॅक्सास यांच्या कामाने शिरला. १९९९ मध्ये यॉस स्टॅम यांच्या ‘स्टेबल फ्लुइड्स’ने कितीही मोठं पाऊल टाकलं तरी गणित कोसळणार नाही अशी सोय केली. मोठा दिलासा होता तो; पण मोठ्या पावलांची सवय लागली, आणि प्रत्येक पावलाची सरासरी बारीक तपशील पुसत राहिली. २००१ मध्ये फॉस्टर आणि रॉन फेडकिव यांनी लेव्हल सेटच्या मदतीला पुन्हा कण आणले. पुढल्या वर्षी डग एनराइट आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागाच्या दोन्ही अंगांना कण ठेवले. सीमा चुकीच्या बाजूला सरकली की ते तिला दुरुस्त करत. माझ्या मते या कुळातला हा सर्वांत सुंदर उपाय आहे.

२००५ मध्ये योंगनिंग झू आणि रॉबर्ट ब्रिडसन यांनी वाळूच्या ॲनिमेशनसाठी लॉस अलामोसचीच आणखी एक पद्धत उचलली: ब्रॅकबिल आणि रुपेल यांची १९८६ची ‘फ्लिप’. इथे पाणी कण वाहतात, जाळी फक्त दाब काढते. आज स्टुडिओंत द्रवासाठी बहुतेक हीच वापरतात. कण आपोआप मरत नाहीत, म्हणून आटणं संपलं असं वाटतं. पण एका खणात आठाऐवजी सोळा कण गोळा झाले, तरी वेगाची अट पाळली गेली असेल तर सॉल्व्हर गप्प बसतो. कण दाटतात, पातळी उतरते.

म्हणून शोधाची सुरुवात कण मोजण्यापासून करावी. नवे कण पेरण्याची सोय बंद ठेवून मोजणी करा. संख्या घटत असेल, तर कण कुठेतरी पुसले जात आहेत: सीमेबाहेर पडून, नाहीतर पातळ भिंतीत घुसून. तिथे भिंत जाड करावी, उपपावलं वाढवावीत. संख्या कायम असून पातळी उतरत असेल, तर कण दाटले आहेत किंवा पृष्ठभाग रचताना, गुळगुळीत करताना तो झिजला आहे. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी कणांची त्रिज्या थोडी वाढवतात. पाणी फुगायला लागलं तर कमी करतात. जाळी बारीक करणं हा उपाय सगळे आधी सुचवतात, मी तो शेवटी ठेवीन. खणाची बाजू निम्मी केली की खण आठपट होतात, आणि भिंतीत हरवणारे कण तरीही हरवू शकतात.

हरवलेली शिल्लक सॉल्व्हरला थेट सांगण्याचा मार्गही आहे. २००७ मध्ये ब्युंगमून किम आणि सहकाऱ्यांनी फेसातल्या बुडबुड्यांसाठी प्रत्येक बुडबुड्याचं मूळ घनफळ लिहून ठेवलं, आणि घट दिसली की वेगाच्या अटीतच तेवढा फुगवटा मिसळला.