वाटचाल आणि शिधा : कुतचे मराठा पायदळ

पायदळाच्या शिपायाचा दिवस लढाईपेक्षा वाटचालीत आणि शिध्याच्या चिंतेत अधिक जातो. टेसिफोनच्या लढाईनंतर माघार घेत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी ३ डिसेंबर १९१५ रोजी मेसोपोटेमियातील कुतला पोहोचल्या. लवकरच वेढा पडला. शिधा घटला, तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती येऊनही बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले. हा केवळ हट्ट नव्हता; गावी परतल्यावर पंगतीत आपले पान मांडले जाईल काय, ही धास्ती त्यामागे होती. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. अधिकारी बोटीने बगदादला गेले; उपासाने खंगलेले शिपाई बंदी म्हणून पुन्हा पायीच निघाले. आठवणी बहुधा अधिकाऱ्यांनी लिहिल्या. शिपायाचे मन मात्र त्याच्या त्या नकारातच वाचावे लागते.